शरदातली नॅरोबोट आणि कालव्यावरची चित्रकला : आधी काय ठरवावे, काय टाळावे

मुलगा-सून इंग्लंडमध्ये आहेत, आम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार आहोत, चार दिवस कालव्यावरच्या बोटीत राहावे म्हणतो, जमेल का? असे प्रश्न वाचकांकडून वरचेवर येतात. तिथेच नोकरीला असलेली मंडळीही दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांना घेऊन जाण्याबद्दल विचारतात. शंका बहुतेक त्याच असतात. बोट चालवायला परवाना लागतो का? पोहता येत नसेल तर? थंडी झेपेल का? आणि त्या बोटींवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले असतात, ती कला आपल्याला थोडीफार शिकता येईल का?

या सगळ्याला उत्तर आहे आणि ते उत्साह वाढवणारेच आहे. मात्र अनेकांची सहल एका ठरावीक कारणाने फिसकटते. ते आधी बोट ठरवतात, मग नकाशावर लांबलचक मार्ग आखतात आणि कला शिकायला उरलेला एखादा दिवस ठेवतात. शरदात दिवस भराभर लहान होत जातो, त्यामुळे तो दिवस उरतच नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी कार्यशाळेची तारीख पक्की करा, मग तिच्या आसपासचा छोटा मार्ग ठरवा आणि शेवटी बोट घ्या. पुढचे सगळे याच क्रमाने सांगितले आहे.

आधी दोन मूलभूत शंका

*परवाना लागतो का?* सुटीसाठी भाड्याने घेतलेली नॅरोबोट चालवायला ब्रिटनमध्ये कसलाही परवाना लागत नाही. बोट देणारी कंपनी निघण्यापूर्वी प्रात्यक्षिक करून दाखवते. बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जायचे असते. काठाने चालणारा माणूस तुमच्या बरोबरीने येतो, कधी पुढेही जातो.

*पोहता येत नसेल तर?* तरीही जाता येते. कालवे बहुतेक ठिकाणी उथळ असतात आणि कंपनी लाइफ जॅकेट देते. ते अडकवून न ठेवता अंगात घाला. लॉकमध्ये, म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारे असलेल्या हौदात, मात्र पाणी खोल असते आणि शरदात ते बर्फासारखे गार लागते. तिथे पोहता येणाऱ्यानेही जॅकेट घालावे.

नॅरोबोटीची रुंदी सुमारे ६ फूट १० इंच असते, कारण इंग्लंडच्या मध्यभागातल्या अनेक कालव्यांची लॉक जेमतेम ७ फूट रुंद बांधलेली आहेत. लांबी ३० पासून ७० फुटांपर्यंत मिळते. म्हणजे राहायला एक लांबट बोळ मिळतो. गुडघे दुखणाऱ्यांनी आत उतरायच्या पायऱ्यांचा फोटो आधीच मागवून घ्यावा.

पहिली पायरी : कोणती कला आणि कुठे?

एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्पर्धेमुळे मालवाहतुकीचे दर कोसळले आणि बोटवाल्यांची कुटुंबेच्या कुटुंबे बोटीवर राहायला आली. जेमतेम दहा फूट लांबीच्या केबिनमध्ये स्वयंपाक, झोप आणि मुलांचे सगळे व्हायचे. त्या केबिनची दारे, पाण्याचे कॅन, डिपर (दांड्याचे पाण्याचे भांडे), स्टूल यांवर गुलाब आणि किल्ले रंगवण्याची पद्धत रुळली आणि पुढे ती कालव्यांची ओळख बनली. आज नवख्या माणसाला तिथे साधारण तीन गोष्टी शिकता येतात :

- गुलाब-किल्ल्यांचे रंगकाम. एका दिवसात गुलाब, डेझी आणि पाने यांची ओळख होते. किल्ल्याच्या चित्रासाठी दुसरा दिवस धरा.
- दोरकाम. बोटीच्या टोकाला लावायचे, धक्का झेलणारे फेंडर, गाठी, टिलरवरचे (सुकाणूच्या दांड्यावरचे) वेटोळे. बोटांत जोर लागतो. संधिवात असेल तर हे टाळा.
- क्रोशा. बोटवाल्यांच्या केबिनमध्ये शेल्फला आणि दाराला लावायच्या लेसचे नमुने. क्रोशाची सुई हातात घेतलेली असेल तर हे सर्वांत लवकर जमते आणि बोटीत बसूनही करता येते.

पहिल्यांदा जात असाल तर रंगकाम निवडा. त्यात काय करायचे असते ते थोडे जवळून पाहू, म्हणजे आपल्याला झेपेल की नाही याचा अंदाज येईल.

पार्श्वभूमी काळी किंवा गडद हिरवी, पूर्ण वाळलेली. तिच्यावर आधी रुपयाएवढा एक भरीव गोल काढतात. लाल गुलाबासाठी गोल गडद किरमिजी, पांढऱ्यासाठी गुलाबी, पिवळ्यासाठी नारिंगी. गोलात मधोमध गडद सावली देतात, ती फुलाची खोली. मग थांबायचे. गोल वाळल्याशिवाय पाकळी धरत नाही, म्हणून जुने रंगारी एका बैठकीत ओळीने अनेक वस्तूंवर नुसते गोल काढून ठेवत. वाळल्यावर लांब केसांचा मऊ कुंचला रंगात भिजवून एकेक पाकळी एकाच फटकाऱ्यात ओढायची. कुंचला टेकवताना दाब द्यायचा, वळणावर दाब कमी करायचा आणि टोकाला उचलायचा. मागच्या पाकळ्या आधी, पुढच्या नंतर. शेवटी फिक्या हिरव्या पानांवर पिवळ्या शिरा.

काढलेली पाकळी पुन्हा गिरवायची नाही, हा यातला मुख्य नियम. चिमटीतली रांगोळी मधेच थांबली की रेघेला गाठ येते, तसेच इथे होते. ज्यांच्या हाताला रांगोळीची सवय आहे त्यांना हा न अडखळणारा हात लवकर साधतो. चित्रकला येत नाही म्हणून मागे हटू नका. इथे नवे काही सुचावे लागत नाही, ठरलेले फटकारे पुन:पुन्हा गिरवून हातात बसवायचे असतात.

कार्यशाळा ठरवताना हे विचारा

1. एका वेळी किती जण असतात? आठांहून अधिक असतील तर प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष देणे शिकवणाऱ्याला अवघड जाते.
2. रंग कोणते? पारंपरिक काम ऑइल पेंटमध्ये होते आणि ते नीट वाळायला एक-दोन दिवस सहज जातात. लगेच परतायचे असेल तर अॅक्रिलिक रंगांत शिकवतात का ते विचारा.
3. घरी नेण्याची वस्तू शुल्कात धरली आहे का? डिपर किंवा लाकडी चमचा मागा. मोठा पाण्याचा कॅन पहिल्याच दिवशी रंगवून होत नाही आणि बॅगेतही मावत नाही.
4. कालव्यापासून ठिकाण किती दूर आहे आणि जवळ बोट बांधायला जागा आहे का?
5. कार्यशाळा रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते?

शिकवणारे बहुतेक जण एकटेदुकटे काम करणारे रंगारी असतात. काही जण बोटीवरच राहतात. कालव्यांची संग्रहालये आणि स्थानिक कालवा-मंडळे यांच्याकडे चौकशी केली की नावे मिळतात. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या स्टोक ब्रुअर्नचे कॅनॉल म्युझियम आणि एल्समेअर पोर्टचे नॅशनल वॉटरवेज म्युझियम ही दोन ठिकाणे चौकशीला चांगली. तिथे जुन्या रंगवलेल्या वस्तू पाहिल्या की आपण काय शिकणार आहोत हेही कळते.

*व्हिसाबद्दल.* स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर ३० दिवसांपर्यंतचा छंद म्हणून केलेला अभ्यासक्रम चालतो, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेला अडचण नाही. पण रंगवलेल्या वस्तू तिथे विकणे हे काम धरले जाते आणि त्याला या व्हिसावर परवानगी नाही.

दुसरी पायरी : मार्ग छोटा ठेवा

वेळेचा अंदाज काढायची सोपी रीत अशी. मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिला तीनने भागा. जे उत्तर येईल तितके तास लागतील. नवख्यांनी त्यात आणखी एक तास मिळवावा. शरदात दिवसाला पाच-सहा तासांहून अधिक प्रवास आखू नका.

या कलेशी ज्याचे खरे नाते आहे असा एक मार्ग सुचवतो : ब्राउन्स्टन ते स्टोक ब्रुअर्न, ग्रँड युनियन कालव्याने. ब्राउन्स्टनला ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन एकत्र येतात. तिथल्या नर्सर घराण्याच्या बोट-कारखान्यात रंगवलेले गुलाब कालव्यांवर नावाजलेले होते. पुढे लाँग बकबीची लॉक येतात. बोटवाले पिण्याचे पाणी ज्या रंगवलेल्या कॅनमध्ये ठेवत त्याला आजही ‘बकबी कॅन’ म्हणतात, ते याच गावामुळे. शेवटी स्टोक ब्रुअर्न, तिथे जुन्या धान्यगिरणीच्या इमारतीत संग्रहालय आहे.

अंतर सुमारे २१ मैल, लॉक १३ (ब्राउन्स्टनची ६, बकबीची ७). बेरीज ३४, भागिले ३, म्हणजे जाताना सुमारे साडेअकरा तास. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला आणि मधला दिवस कार्यशाळेला. आठवड्याच्या भाड्यात हे आरामात बसते. वाटेत दोन बोगदे आहेत. त्यातला ब्लिसवर्थचा बोगदा ३,०७६ यार्ड, म्हणजे पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे. १८०५ मध्ये खुला झालेल्या या बोगद्यात समोरून येणारी नॅरोबोट शेजारून जाऊ शकते, तेव्हा दिवा लावा, वेग कमी करा आणि उजव्या बाजूने चला. छतातून पाणी ठिबकते, रेनकोट अंगात असू द्या. अंधाराची किंवा बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना याची कल्पना आधीच द्या.

तीन-चार रात्रीच असतील तर ब्राउन्स्टनहून उलट दिशेने, रग्बीजवळच्या हिलमॉर्टनपर्यंत जाऊन या. या टप्प्यात एकही लॉक नाही. लंडन युस्टनहून रग्बीला थेट गाड्या आहेत, तिथून टॅक्सी.

इतर सोपे पर्याय :

- अॅशबी कालवा : सुमारे २२ मैल, लॉक नाहीत. वयस्करांना आणि लहान मुलांना सोयीचा.
- मॉनमथशायर आणि ब्रेकन कालवा, वेल्स : ३५ मैलांत लॉक मोजकी. डोंगर आणि पानगळ पाहायची असेल तर हाच.
- लँगोलेन कालवा : टेलफर्ड आणि जेसप यांचा १८०५ चा पाँटकिसिल्टे जलसेतू, ३८ मीटर उंच, २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत. एका बाजूला कठडाच नाही, त्यामुळे उंचीची भीती असणाऱ्यांनी आत बसावे. ऑक्टोबरातही इथे गर्दी असते.

तिसरी पायरी : शरदाचे हिशेब

उजेड. भाड्याची बोट अंधारात चालवायला मनाई असते. ब्राउन्स्टनच्या परिसरात सप्टेंबरच्या मध्याला सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरच्या मध्याला सहा-सव्वासहाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पावणेपाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. त्या रविवारी बोटीवर असाल तर दुपारी तीनला जागा शोधायला लागा. शक्य असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडा.

शाळांच्या सुट्या. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांना ऑक्टोबरच्या अखेरीस आठवड्याची सुटी असते. तेव्हा भाडे वाढते. नातवंडे बरोबर हवी असतील तर हाच आठवडा मिळेल, पण मग लवकर नोंदणी करा.

बंद असलेली लॉक. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. हिवाळ्यातली मोठी दुरुस्ती नोव्हेंबरपासून सुरू होते आणि त्यासाठी लॉक बंद ठेवतात. शिवाय उन्हाळा कोरडा गेला तर पाणी वाचवण्यासाठीही लॉक बंद होतात. २०२५ च्या उन्हाळ्यात अनेक कालव्यांवर हे घडले. एका नॅरोबोटीला एक लॉक पार करायला साधारण एक लाख लिटर पाणी खाली सोडावे लागते, म्हणून जलाशय भरेपर्यंत निर्बंध शरदातही राहू शकतात. ट्रस्टच्या संकेतस्थळावरच्या सूचना नोंदणीपूर्वी एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

थंडी आणि ओल. ऑक्टोबरात दिवसा १४-१५ अंश, रात्री ७-८ किंवा त्याहून कमी. आत हीटर असतो, पण टिलर धरणारा माणूस तासन्तास उघड्यावर उभा असतो. पाण्यापासून बचाव करणारे जाकीट आणि पँट, लोकरी टोपी, हातमोज्यांचे दोन जोड आणि न घसरणारे बूट घ्या. साडी नेसून किंवा लांब ओढणी घेऊन लॉकवर जाऊ नका, दात्यांच्या यंत्रात कापड अडकते.

पाने. पानगळीत प्रोपेलरला पानांचा लगदा गुंडाळला जातो आणि बोट जागच्या जागी रेंगाळते. क्षणभर रिव्हर्स गिअर टाका, बहुतेक वेळा पाने झडतात. दोरी किंवा कापड अडकले असेल तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घ्या, मगच मागच्या बाजूचे झाकण उघडून हात घाला. काम झाल्यावर झाकण घट्ट बसवल्याची खात्री करा. ते सैल राहिले आणि इंजिन चालू केले तर बोटीत पाणी भरते.

चौथी पायरी : बोट घेताना

- किती जणांची? जाहिरातीत ‘४+२’ असेल तर चार जणांना कायमचे पलंग आणि दोघांना रोज सोफा उघडून झोपायचे असते. आजी-आजोबांसाठी कायमचा पलंग मागून घ्या.
- शुल्कात काय काय? डिझेल, गादी-चादरी, पार्किंग, नुकसान-माफीची रक्कम, अनामत. प्रत्येकाचा आकडा लेखी घ्या.
- हीटर कसा? रेडिएटर आहेत की नुसता कोळशाचा स्टोव्ह? इंजिन बंद असताना किती वेळ चालतो? रात्री ८ ते सकाळी ८ काठाला इंजिन चालू ठेवायचे नसते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.
- टॉयलेट कोणते? पंप-आउट असेल तर मोठी टाकी, कॅसेट असेल तर दोन-तीन दिवसांत स्वतः नेऊन रिकामी करावी लागते.
- कालवा बंद झाला तर? दुसरा मार्ग, दुसरी बोट की पैसे, हे लेखी विचारा.
- वळायची जागा कुठे? लांब बोट कुठेही वळत नाही. त्यासाठी कालव्याला मुद्दाम फुगवटे दिलेले असतात. तुमच्या बोटीला कोणते पुरतील ते नकाशावर खुणा करून घ्या.

बोट ताब्यात घेताना प्रात्यक्षिकाची घाई होऊ देऊ नका. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. वळताना ती मधोमध फिरते, म्हणून मागचे टोक बाहेर झुकते. बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच ब्रेक. पंधरा-वीस टनांची ही वस्तू हाताने किंवा पायाने थोपवण्याचा प्रयत्न कधीही करू नका. धक्का लागला तर लागू द्या. समोरून बोट आली की उजवीकडे राहा. आणि कुणी पाण्यात पडले तर पहिली गोष्ट म्हणजे गिअर न्यूट्रल करणे, म्हणजे प्रोपेलर थांबतो.

लॉक पार करताना

वर चढताना :

1. लॉक रिकामे आहे का पाहा. भरलेले असेल आणि समोरून बोट येत असेल तर तिला आधी येऊ द्या.
2. बोट आत घ्या, मागची दारे लावा, खालची पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) बंद असल्याची खात्री करा.
3. वरची पॅडल आधी अर्धीच उघडा. ग्रँड युनियनवरची लॉक दुप्पट रुंद आहेत. बोट एकटी असेल तर ज्या बाजूला बोट आहे त्याच बाजूचे जमिनीतले पॅडल आधी उघडा, म्हणजे ती भिंतीला टेकून राहते.
4. दोन्हीकडचे पाणी समान झाले की दार सहज उघडते. त्याआधी ताकद लावू नका.
5. बाहेर पडल्यावर पॅडल खाली, दार बंद.

खाली उतरताना सर्वांत मोठा धोका सिलचा. वरच्या दारांच्या पायाशी काँक्रीटचा किंवा दगडी उंबरठा असतो आणि पाणी उतरले की तो उघडा पडतो. बोटीचे मागचे टोक त्यावर अडकले तर बोट पुढे कलून बुडू शकते. भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे बोट ठेवा आणि तिच्यावरून नजर काढू नका. दोरी खुंटीला घट्ट बांधू नका, नुसता वेढा देऊन हातात धरा. काहीही बिनसले की पॅडल लगेच बंद करायची, हे सगळ्यांनी आधी ठरवून ठेवा.

ओल्या पानांमुळे दारांवरच्या फळ्या निसरड्या होतात. एका दारावरून दुसऱ्या दारावर उडी मारू नका, वळसा घालून जा. विंडलास, म्हणजे पॅडल फिरवायची ती किल्ली, यंत्रावर लावून सोडू नका. ती गरगर फिरून हात मोडते. दुसरी नॅरोबोट मागून येत असेल तर थांबा, दोघे मिळून एकाच पाण्यात उतरा. पाणीही वाचते आणि ओळखही होते.

बोटीतला संसार

- पाणी रोज भरा. टाकी रिकामी होईपर्यंत थांबू नका. शॉवर थोडक्यात घ्या.
- टॉयलेट : धुण्यासाठी मगाने पाणी वापरता येते, पण ते सगळे टाकीतच जाते आणि कॅसेट लवकर भरते. छोटी बाटली वापरा.
- स्वयंपाक : गॅसची शेगडी, ओव्हन, फ्रिज असतो. छोटा प्रेशर कुकर, पोहे, भाजणी, मसाल्याचा डबा घ्या. सिंकमधले पाणी थेट कालव्यात पडते, म्हणून तेलकट कढई आधी कागदाने पुसा. डाळ-भाताचे उरलेसुरले कचऱ्याच्या पिशवीत टाका.
- कार्बन मोनॉक्साइड : या वायूला रंग नाही, वास नाही. थंडी वाजते म्हणून झरोके बुजवू नका, शेगडी पेटवून खोली गरम करू नका. अलार्म चालतो का ते पहिल्याच दिवशी बटण दाबून पाहा.
- दिवाळी : पणत्या बोटीत लावू नका. बॅटरीचे दिवे चालतात.
- रंगकाम बोटीत : ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन बंद केबिनमध्ये, पेटत्या स्टोव्हजवळ वापरू नका. सरावासाठी अॅक्रिलिक रंग आणि काळा जाड कागद पुरतो. कुंचल्याचे पाणी सिंकमध्ये ओतू नका.
- मुक्काम : काठाला वेगळी पाटी नसेल तर साधारणपणे १४ दिवसांपर्यंत बोट बांधता येते. लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर आणि बोट वळवायच्या फुगवट्यात बांधू नका.

तातडीची मदत लागली तर ९९९. पत्ता म्हणून जवळच्या पुलाचा क्रमांक सांगा. तो पुलाच्या कमानीवर लिहिलेला असतो. पूल मागे पडला की क्रमांक मोठ्याने म्हणायची सवय सगळ्यांना लावा.

तुमचे हक्क

1. रद्द करण्याचा हक्क मर्यादित आहे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत माघार घेता येते, पण ठरावीक तारखेच्या निवासाला आणि करमणुकीच्या सेवेला ती सवलत लागू नाही. म्हणून कंपनीच्या अटी पैसे भरण्यापूर्वी वाचा.
2. वर्णनाप्रमाणे बोट मिळायलाच हवी. कंझ्युमर राइट्स अॅक्ट, २०१५ नुसार भाड्याची वस्तू वर्णनाबरहुकूम आणि वापरण्यायोग्य असली पाहिजे, सेवा वाजवी काळजीने दिली पाहिजे. हीटर बंद असेल तर गप्प बसून सहल संपवू नका. त्याच दिवशी फोन करा, फोटो काढा, संदेश लेखी पाठवा. कंपनीला दुरुस्तीची संधी दिली की पुढची भरपाई मागणे सोपे जाते.
3. क्रेडिट कार्ड. ब्रिटनमध्ये दिलेल्या क्रेडिट कार्डाने, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या व्यवहारात, १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ नुसार बँकही जबाबदार धरता येते. मुलांकडे असे कार्ड असेल तर त्यांनीच पैसे भरावेत.
4. ट्रस्टबद्दल तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी करा. समाधान झाले नाही तर वॉटरवेज ओम्बुड्समनकडे जाता येते.
5. आजारपण. पाहुण्यांनाही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागातले उपचार मोफत मिळतात, दाखल व्हावे लागले तर मात्र मोठे बिल येते. प्रवासविमा घ्या आणि त्यात बोटीवरचा मुक्काम धरला आहे का हे विचारून घ्या.

वस्तू विकत घेताना

काहींना स्वतः रंगवण्यापेक्षा चांगली वस्तू घ्यायची असते. तेही उत्तम, त्यानेच ही कला जगते. मात्र छापील चिकटचित्रे लावलेल्या वस्तूही बाजारात असतात. हाताने रंगवलेल्या पाकळीवर बोट फिरवले की कुंचल्याचे उंचवटे लागतात आणि दोन गुलाब कधी हुबेहूब सारखे नसतात. मागच्या बाजूला रंगाऱ्याची सही आहे का पाहा. थेट रंगाऱ्याकडून घेत असाल तर घासाघीस करू नका. एका डिपरमागे गोल वाळण्याची वाट पाहण्यासकट अनेक दिवस असतात.

परतताना रंगवलेली वस्तू पूर्ण वाळलेली असू द्या आणि कपड्यांत गुंडाळा. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानात चालत नाहीत. कुंचले मात्र जरूर आणा.

तयारीचा क्रम

- मार्च-एप्रिल : शिकवणाऱ्यांना लिहून शरदातल्या तारखा विचारा, जागा राखून ठेवा.
- एप्रिल-मे : त्या तारखेभोवती मार्ग आखा, मग बोटीची नोंदणी करा.
- जून-जुलै : व्हिसा, विमा.
- निघण्यापूर्वी महिनाभर : लॉकच्या सूचना पाहा, बदल झाला असेल तर कंपनीशी लेखी बोला.
- निघण्यापूर्वी आठवडाभर : रोज अर्धा तास काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने पाकळीचा फटकारा गिरवा. कार्यशाळेत पहिले दोन तास यातच जातात. ते घरी झाले तर शिकवणाऱ्याचा वेळ तुम्हाला गुलाबासाठी मिळेल.

पुढच्या शरदाचा विचार असेल तर आज एकच काम करा. स्टोक ब्रुअर्नच्या संग्रहालयाला किंवा जवळच्या कालवा-मंडळाला चार ओळींची ईमेल लिहा आणि रंगकाम कोण शिकवते ते विचारा. शिकवणाऱ्याची तारीख हाती आली की मार्ग आणि बोट ठरवणे सोपे आहे.